बाळंतिणीची साखर

माझ्या दोन बाळंतपणांची गोष्ट मी घरात इतक्या वेळा सांगितली आहे की "आपलं अमरावतीचं घर" एवढं नुसतं म्हटलं तरी नातवंडं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. ज्याला ऐकायचं नसेल त्याने उठून बाहेर जावं, मी काही कुणाला बांधून ठेवलेलं नाही.

पहिला मुलगा झाला तेव्हा आपलं वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात जात होतं. गावात जो तो त्यावर वाद घालायचा. आमच्या घरात मात्र वाद एवढाच होता की पोरगं कुणावर गेलं, कारण इतकं मोठं लेकरू दोन्ही घराण्यांत कुणालाच झालं नव्हतं. सुईण म्हणाली, "माय वो! इतके वर्सं झाले, पन असं पोट्टं हाती नाही आलं. बाहेर आल्या आल्या उठून बसते की काय, असं वाटलं मले." हे ऐकून माय अशी खूश झाली की तिने सुईणीला ठरल्यापेक्षा एक लुगडं जास्त दिलं. माय म्हणजे माझी आई. आमच्याकडे आईला मायच म्हणत.

मायने माझ्यासाठी डिंकाचे लाडू केले. खारीक, खोबरं, गोडंबी, आणि तूप इतकं की लाडू नुसता उचलला तरी बोटं माखायची. आठव्या दिवशी अकोल्याहून सासरचा डबा आला, मेथीचे आणि अळिवाचे लाडू, गुळाने काळेभोर झालेले. सासूला मी आत्याबाई म्हणायची, आमच्याकडे तशीच रीत. डबा घेऊन आमचे हे आले होते, आणि सोबत आत्याबाईंचा निरोप होता, "माहेरचे सरले की आमचे खाय म्हनावं." मायला ते झोंबलं. सरले की म्हणजे? सरतील कसे? तिने त्याच दिवशी पुन्हा डिंक तळायला घेतला. अशी सव्वा महिना दोन्ही घरांची इज्जत माझ्या पोटात जात राहिली. मी काही बिचारी वगैरे नव्हते हं. मला गोड फार आवडायचं. सकाळी दोन, दुपारी चारला दोन, आणि लेकरू बघायला कुणी आलं की त्याच्या मानाखातर आणखी एक.

यात कुणाला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. बाळंतीण जे खाते ते दुधात उतरतं, हे आमच्याकडे अंगठा उठवणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. वांगं खाल्लं की लेकराला खाज, हरभऱ्याची डाळ खाल्ली की पोटात गुबारा, गार पाणी प्यायलं की लेकराला पडसं. मग आईने गोड आणि तूप खाल्लं की लेकरू बाळसं धरणार, हे ओघानेच आलं. आणि धरलंही! माझ्या पोराच्या हातापायांना अशा वळ्या पडल्या की त्यात पावडर जायची नाही. शेजारणी दाराशी येऊन म्हणायच्या, "झाक वो त्याले, दृष्ट लागीन."

मुलगा दोन वर्षांचा झाला आणि माझे वडील गेले. ते कापसाच्या एका जिनात दिवाणजी होते. त्यांना साखरेचा आजार होता. पायाला खिळा लागल्याचं निमित्त झालं आणि ती जखम काही केल्या भरलीच नाही. मायने त्यांची आठ वर्षं सेवा केली, गोडाचे सगळे डबे कुलुपात ठेवून. पण तिचं एक पक्कं होतं. तो बैठ्या पुरुषांचा रोग. गादीवर बसणाऱ्या दुकानदाराला होतो, दिवाणजीला होतो. घरात दिवसभर पाणी भरणाऱ्या, जात्यावर बसणाऱ्या बाईला तो होतो, असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

महाराष्ट्र झाला, त्याच्या पुढच्या वर्षी माझं दुसरं बाळंतपण. सातव्या महिन्यात मी अमरावतीला आले ती तहान घेऊनच आले. किती पाणी प्यावं आणि किती वेळा उठावं! मोरीत मुंग्यांची रांग लागायला लागली. मी मायला दाखवली. ती म्हणाली, "उन्हाळा हाये, मुंग्या निंगतातच," आणि बादलीभर पाणी ओतून रांग वाहवून दिली. ती रांग तिने वडिलांच्या वेळी आठ वर्षं पाहिली होती. तिला कळलं नसेल, असं मला आजही वाटत नाही. तिला कळून घ्यायचं नव्हतं.

मुलगी झाली. तीही दांडगीच. पण या वेळी माझ्या पाठीवर एक गळू झालं ते बसेना, आणि तहानेने जीव कासावीस. त्या काळी बाळंतिणीला पाणी मोजून मिळायचं, तेही उकळून कोमट केलेलं, ओव्याचं. मी काय केलं, बाळाच्या अंघोळीला काढून ठेवलेलं पाणी उभ्या उभ्या दोन तांबे पिऊन टाकलं. माय दारात उभी. तिच्या हातातलं वाटीभर तेल तिथंच सांडलं. "अव माय! तू काय ढोर हायेस काय वो?" ती ओरडली, आणि मग खाली बसून रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः जाऊन डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

डॉक्टरीणबाई आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायच्या. लहानखुऱ्या, केस घट्ट बांधलेल्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात स्पिरिटचा दिवा लावला. काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीचे थोडे थेंब टाकले आणि उकळलं. आम्ही दोघी श्वास धरून बघत होतो. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, मग शेंदरी, आणि शेवटी पक्क्या विटेचा लाल रंग तळाशी बसला. "निळं राहिलं असतं तर साखर नाही," त्या म्हणाल्या. "ही पुष्कळ आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या लघवीत कधी कधी दुधाची साखरही उतरते, म्हणून मी एका रंगावर जात नाही. रक्त मोठ्या दवाखान्यात तपासून घेऊ." रक्त तपासलं. तिथंही साखर निघाली.

"आता गोड बंद," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

"बाळंतिणीचं?" मायने विचारलं.

"बाळंतिणीचंच."

मायने असं तोंड केलं जसं काही कुणी तिला लेकीला उपाशी मारायला सांगितलं. पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. माझ्या मांडीवर मुलगी पीत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे वडिलांचा पाय होता. मी विचारलं, "बाई, माझ्या दुधातून हिला लागेल का हे?"

त्या लगेच बोलल्या नाहीत, आणि मला त्यांचा तोच गुण आवडला. म्हणाल्या, "असं काही मी पुस्तकात वाचलेलं नाही. पण आईच्या अंगात जे चाललेलं असतं ते पाजत्या लेकराच्या अंगाला कळल्याशिवाय राहत नाही, असं मला वाटतं. म्हणून पाजणं सोडू नकोस. पाजण्याने तुझी साखरही उतरायला मदत होईल. फक्त हे पाजण्याचे महिने तुझं अंग ताळ्यावर ठेव. तिच्या अंगाला आत्ता जे वळण लागेल, ते पुढे तिला उपयोगी पडेल."

मी ठरवलं, की हिला मी पाजणार, आणि हिला तो पाय होऊ देणार नाही. मुलाचा विचारही त्याच क्षणी मनात आला. तो तेव्हा ओसरीवर बसून माझ्या वाटणीचा लाडू खात होता. पाच वर्षांचा, गोल गरगरीत. मी त्याच्या हातातून लाडू ओढून घेतला आणि त्याने घर डोक्यावर घेतलं.

आमच्या ह्यांना मी सगळं पत्रात लिहून कळवलं. हे अकोल्याला शाळामास्तर. साधा माणूस, त्यांनी ते पत्र आपल्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आठव्या दिवशी कार्ड आलं. आत्याबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांनी सांगितलं आणि ह्यांनी लिहिलं. "व्याह्याचा रोग सुनेत उतरला. आता तिच्यातून लेकरात नको. लेकराले अंगावर पाजू नये. इथं डब्याचं दूध आणून ठेवलं आहे. आली की त्याच्यावरच टाकू." आणि खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात ह्यांचं स्वतःचं एक वाक्य. "मी काही म्हणत नाही." मी ते कार्ड चुलीत घातलं. मास्तर म्हणे! काही म्हणत नाही तर कार्ड कशाला लिहिलं?

पण भीती बसली. तिसरा महिना लागला की मला अकोल्याला जायचं होतं. तोवर ती नळी निळी झाली नाही तर आत्याबाईंपुढे माझं काही चालणार नव्हतं, आणि लेकीच्या तोंडात बाटली जाणार होती. डॉक्टरीणबाईंनी दर आठ दिवसांनी सकाळची लघवी बाटलीत घालून आणायला सांगितलं होतं.

मग सुरू झाला माझा वनवास. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, मेथी, चवळीची भाजी, ताक, जवसाची चटणी. सकाळ-संध्याकाळ अंगणात शंभर फेऱ्या. बाळंतिणीने फेऱ्या मारायच्या म्हणून शेजारणी भिंतीवरून डोकावून बघायच्या. आणि माय? लाडवांशिवाय बाळंतपण ही कल्पनाच तिला सहन होईना. तिने डोकं चालवलं. डिंक, तीळ, खोबरं, गोडंबी, मेथ्या, सगळं घेतलं आणि गुळाशिवाय, नुसत्या तुपावर लाडू वळले. डॉक्टरीणबाईंनी एक हाती घेऊन बघितला आणि दिवसाला एकाला परवानगी दिली. मर्यादा घालायची गरज नव्हती, दुसरा खाण्याची कुणाची छाती झाली नसती. इतका कडू लाडू मी जन्मात खाल्ला नाही.

बारशाला हे आले. जावई आला म्हणून मायने गडबडीत ताटात लाडू वाढला, आणि वाढला तो माझ्या डब्यातला. ह्यांनी घास घेतला. मी बघत होते. डोळ्यांत पाणी आलं, पण माणूस इतका भिडस्त की पूर्ण लाडू संपवला. मायने विचारलं, "आनखी एक देऊ का, जवाईबापू?" तर हे म्हणाले, "नको, लय झालं. गोड पुष्कळ होतं." मी हसून हसून पोट धरून बसले.

रंग उतरायला लागला. पहिल्या आठ दिवसांनी विटेचा शेंदरी झाला. मग पिवळा. मग हिरवा. दर वेळी डॉक्टरीणबाई नळी खिडकीशी धरून मला दाखवायच्या, आणि मी घरी येऊन लेकीला सांगायची, "पाय वो बाई, हिरवी झाली तुई माय." गळूही बसलं. पाणी प्यायला उठणं बंद झालं. मला वाटलं, आता जिंकलंच.

आणि सातव्या आठवड्यात नळी लाल झाली. शेंदरी नाही, पिवळी नाही, पहिल्या दिवसापेक्षाही लाल.

डॉक्टरीणबाईंनी नळी ठेवून दिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "किती खाल्लेस?" मी शपथ घेतली. त्या म्हणाल्या, "शपथा मी रोज ऐकते. तुला पाजायचं आहे की लाडू खायचे आहेत, ते ठरव." इतका अपमान! मी रस्त्याने रडत घरी आले, आणि घरात शिरल्या शिरल्या माझं डोकं फिरलं ते मायवर. खाणं तीच करत होती ना! "खरं सांग, तूच काहीतरी घालून राहिली. वरनात गूळ टाकला तू. तुले वाटते लेक वाळून राहिली, म्हनून लपून टाकला."

माय चुलीपुढे होती. तिने हातातली फुंकणी खाली ठेवली. "म्या टाकला?" ती म्हणाली. "तुया बापानं शेवटल्या सणाले पुरनाचा एक घास मांगला होता. एकच. म्या नाही देल्ला. त्याच्या पुढून ताट उचललं. पंधरा दिवसांनी गेला तो. मले आता वाटते, द्यायचा होता एक घास, काय होनार होतं? आठ वर्सं म्या त्या मानसाले नाही म्हनलं, आन् तुया लेकराचं दूध नासवाले गूळ टाकीन मी?" आणि ती हमसाहमशी रडली. मी तिला वडिलांसाठी इतकं रडताना कधी पाहिलं नव्हतं, ते गेले त्या दिवशीसुद्धा नाही. मला इतकी लाज वाटली की जमिनीने पोटात घ्यावं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. चुलीवरची भाकर करपली तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

मग मीच उठले, म्हटलं निदान बाटली तरी विसळून ठेवू. खरं तर तेही मला करायचं नव्हतं. बाळंतिणीने गार पाण्यात हात घालायचा नाही, हा मायचा कायदा, त्यामुळे इतके दिवस बाटली तीच धुवायची. नेहमीची बाटली त्या आठवड्यात फुटली होती, म्हणून तिने दुसरी दिली होती. मी बूच काढलं आणि नाकाशी घमघमाट आला. संत्र्याचा!

माझा मामा वरूडला राहायचा. दर मोसमात त्याच्याकडून संत्र्यांची पेटी यायची आणि माय पाक करून सरबत भरून ठेवायची. ही त्यातलीच बाटली. तळाशी पाकाचा थर वाळून चिकटला होता. "तू हे धुतली होती का वो?" मी विचारलं. माय पदराने डोळे पुसत म्हणाली, "धुतली ना. एक पानी फिरवलं." मग खालच्या आवाजात, "त्या कामाची बाटली, तिले राखंनं घासाची का? हात घालाले कसंतरीच वाटते." मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. आणि मग आम्ही अशा हसलो की झोळीतली मुलगी दचकून उठली आणि तीही रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी माय स्वतः बाटली घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. या वेळी तिने वेगळी बाटली राखेने तीनदा घासली, सोड्याने उकळली आणि उन्हात ठेवली. सोबत ती सरबताची बाटलीही नेली, पुरावा म्हणून. डॉक्टरीणबाईंनी वास घेतला आणि, माय सांगायची, त्या बाईला तिने जन्मात पहिल्यांदा हसताना पाहिलं. नळी उकळली. निळ्यात हिरव्याची जेमतेम झाक. त्याच्या पुढल्या आठवड्यात, अकोल्याला निघायच्या चार दिवस आधी, नळी निळीची निळी राहिली. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली. मी ती कमरेला खोचली आणि बडनेऱ्याला गाडी बदलून मुलाला, मुलीला घेऊन अकोल्याला आले.

आत्याबाई दारातच उभ्या होत्या. ओवाळलं, तुकडा टाकला, मुलीची पापी घेतली, सगळं रीतसर. आत गेले तर कोनाड्यात डबा. त्यावर गोऱ्यागोमट्या बाळाचं चित्र, शेजारी नवी बाटली. मी चिठ्ठी काढली. हे ती वाचू लागले तर आत्याबाईंनी हात वर केला. "कागदाचं काय घेऊन बसला बावा. कागदावर कोनीबी काहीबी लिवून देते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी मुंग्याले विचारतो. मुंगी खोटं बोलत नाही."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन करवंट्या घेतल्या. एकीत गुळाचं पाणी, दुसरीत माझं. अंगणात जांबाच्या झाडाखाली काळ्या मुंग्यांची मोठी रांग असायची. तिच्या दोन्ही अंगांना एकेक करवंटी ठेवली आणि पाट मांडून समोर बसल्या. म्हणाल्या, "निकाल लागेपर्यंत लेकराले पाजू नोको."

मुलगी सकाळची भुकेली. ती रडायला लागली. तिचं रडणं ऐकून मला पान्हा फुटला, चोळी ओली झाली, आणि मी उभी, दोन हातांनी तिला हलवत. मला त्या वेळी आत्याबाईंचा असा राग आला होता की काय सांगू. आमचे हे एका हातात छत्री, एका हातात पुस्तकं घेऊन, शाळेची घंटा झाली तरी दारातच. मुंग्या गुळाच्या करवंटीकडे वळल्या. भराभर. काठ काळा झाला. माझ्या करवंटीकडे एकही नाही. आत्याबाई पुढे वाकल्या. इतक्यात एक मुंगी रांगेतून सुटली आणि सरळ माझ्या करवंटीवर चढली. काठावर थांबली. मिशा हलवल्या. मी मनातल्या मनात त्या मुंगीला हात जोडले. ती काठावरून अर्धी फिरली, पुन्हा थांबली, आणि खाली उतरून आपल्या बायांमध्ये निघून गेली.

आत्याबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "पाज वो," त्या म्हणाल्या, "कवाची रडून राहिली पोट्टी, उभी काय राहिली?" जसं काही मीच अडवलं होतं!

तो डबा वाया गेला नाही. पुढे दोन महिने आत्याबाई त्याची पूड आपल्या चहात टाकून प्यायल्या. आणि माझ्या खाण्यावर त्यांची अशी नजर बसली की त्यापुढे डॉक्टरीणबाई परवडल्या. शेजारून पेढे आले की डबा उघडायच्या आधीच त्या सांगायच्या, "आमची सून पाजते, तिले नोको." सणाला माझ्या ताटात पुरणपोळीच्या जागी त्या स्वतः धिरडं वाढायच्या. दर पंधरा दिवसांनी मुंग्यांचा दरबार भरायचा. मुलगी चांगली पावणेदोन वर्षं प्यायली, शेवटी शेवटी तर चालत यायची आणि पदर ओढायची. माझी साखर पुढे पंधरा वर्षांनी परत आली, आता रोज सुई घेते, पण ते माझं मी बघते.

मुलगी आज साठी ओलांडून गेली आहे. दरवर्षी तपासते. अजून तरी साखर नाही. नातसून डॉक्टर आहे, ती सांगते की आईचं पाजतं अंग आणि लेकराची पुढची तब्येत यावर आता मोठमोठी माणसं अभ्यास करतात. करू देत. मी म्हणते, आमच्या डॉक्टरीणबाईंनी ते कधीच सांगितलं होतं, आणि नातसून म्हणते, "आजी, एवढं सोपं नाही ते." नसेल.

पण मुलाला अडतिसाव्या वर्षी साखर निघाली.

तो कागद खिशात घालून आला, हसत हसत सांगितलं, जेवला. मी माझं ताट बाजूला सारलं. दुपारी मी त्याला एकट्याला जवळ बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. दोन घरांचे लाडू, चार चार रोज, आणि ते दूध त्याला पाजलं ते. म्हटलं, "तुयी बहीन सुटली आन् तू सापडला. हे माया दुधानं झालं, बाबू."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "हे कवापासून मनात धरून बसली तू?"

"तुयी बहीन झाली तवापासून."

"माय! बत्तीस-तेहतीस वर्सं?" त्याने कपाळाला हात लावला. "डॉक्टर तर मले म्हने, आजोबाचं रक्त हाये, बसून काम हाये, पोट सुटलं हाये. तुयं नावबी नाही घेतलं त्यानं."

"त्याले काय माहीत, म्या काय खाल्लं?"

"बरं, मले सांग. मी पीत होतो तवा तुले कोनी सांगतलं होतं का, हे खाऊ नोको म्हनून?"

"नाही."

"आन् ज्या दिवशी सांगतलं, त्या दिवशी सोडलं का नाही?"

"सोडलं."

"मंग?"

मी रडले, चांगली मोठ्याने रडले, शेजारची बाई काय झालं म्हणून दारात येऊन गेली. तो तिथंच सतरंजीवर आडवा झाला आणि त्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढा मोठा माणूस, पांढरे केस डोकवायला लागलेले. माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी मी त्याला ऊठ म्हटलं नाही.